रायफलीचं रुखवत

कोल्हापुरात परतल्यापासून जो भेटतो तो आयर्लंडच्या हिरवळीबद्दल विचारतो. हिरवळ आहे, भरपूर आहे, आणि तिला भिजवायला पाऊसही तितकाच आहे. मला मात्र सांगायचं आहे ते माझ्या मुलाच्या रायफलीबद्दल आणि तिच्यापायी मी विक्लोच्या डोंगरात काढलेल्या तीन दिवसांबद्दल.

आधी माझी ओळख. मी सुलभा. एकतीस वर्षं कॉलेजच्या मुलींना रायफल शूटिंग शिकवलं. निवृत्त झाले तरी अजून रोज सकाळी दोन तास रेंजवर जाते. सगळा कारभार कागदी टार्गेटवरचा, जिवंत प्राण्यावर मी कधी गोळी झाडलेली नाही. माझा एकुलता एक मुलगा अनिकेत. त्याला नवव्या वर्षी मी रेंजवर नेलं आणि चौदाव्या वर्षी त्याने रायफल खाली ठेवली ती ठेवलीच. "आई, तू मागे उभी असलीस की माझा हात हलतो," एवढंच म्हणाला. त्या वाक्याचा राग मी बरीच वर्षं जपला. पुढे तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला स्थायिक झाला, आणि लॉकडाउनच्या वर्षात ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने त्याने हरणांच्या शिकारीसाठी रायफल घेतली. ही बातमी फोनवर ऐकून मी आनंदाने रडले होते. त्याला हे माहीत नाही, आता वाचेल तर वाचो.

ब्लँचर्डस्टाउन, ऑक्टोबर २०२१

दोन वर्षांनी भेट होत होती. सून मृण्मयी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. दारातच तिने माझा मास्क काढायला लावून तोंड नीट पाहून घेतलं आणि मग पुन्हा लावायला लावलं. नात इरा सात वर्षांची. मी मराठीत बोलायचं, तिने त्यांच्या त्या गाण्यासारख्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्याच संध्याकाळी ठरला.

जेवण झाल्यावर अनिकेतने जिन्याखालचं कपाट उघडलं. आत भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी. त्यातून त्याने रायफल काढली आणि टेबलावर ठेवली.

लाकडी दस्ता गायब. त्याच्या जागी काळा धातूचा सांगाडा, सिनेमातल्या सैनिकांच्या हातात असतो तसा. नळीच्या टोकाला सायलेन्सर. खाली दोन पायांचा स्टँड. बाजूला टॉर्च, त्याची वायर पट्टीने बांधलेली. वर हा एवढा मोठा स्कोप, त्याच्यावर पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल, गवंडी वापरतात तशी. गालाखाली गादी, दस्त्यावर काडतुसांचा पट्टा, आणि सगळ्यावर चिकटवलेली झाडापानांच्या रंगाची पट्टी. आमच्याकडे खंडेनवमीला रायफलीला गंध लावतात, झेंडूची माळ घालतात. त्याहून जास्त काही बंदुकीवर चढलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"लेका," मी म्हटलं, "ही रायफल आहे की रुखवत?"

"आई, चिल. प्रत्येक गोष्टीला रीझन आहे," तो म्हणाला. "आणि आजकाल सगळे असंच लावतात अगं. फोरमवर बघ."

"सगळे म्हणजे कोण? किती हरणं मारलीस हिने?"

"एक. मागच्या वर्षी."

"आणि ते कशाने मारलंस?"

"तेव्हा हे काही नव्हतं."

मला जिंकल्यासारखं वाटलं, पण त्याची खरी अडचण वेगळीच होती. त्याच्याकडे रायफलीचा परवाना होता, हरणांचं लायसन्स होतं, पण जमीन नव्हती. तिकडे कुणीतरी जमीनमालक आपल्या रानात शिकार करायला लेखी परवानगी देतो तेव्हाच ते सगळं जमतं. ज्या मित्राच्या शेतावर हा जायचा ते विकलं गेलं होतं. जमीन नाही तर रायफल ठेवायला कारण नाही, आणि कारण नाही तर परवाना पुढे चालू राहत नाही. विक्लोमध्ये डोनल नावाचा एक म्हातारा शेतकरी शिकारी शोधत होता, कारण हरणं त्याची ओकची रोपं खाऊन संपवत होती आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर त्याला डोंगर चढवत नव्हता. त्याने अनिकेतला शुक्रवार ते रविवार राहायला बोलावलं होतं. बघून ठरवतो म्हणाला होता.

"मीपण येते," मी म्हटलं. आणि हट्टाने मूळ लाकडी दस्ताही डिकीत टाकायला लावला.

शुक्रवार, विक्लोच्या वाटेवर

डब्लिन मागे पडून तासही झाला नसेल तर डोंगर सुरू झाले. आपल्या सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाहीत, पाठ टेकून निवांत बसलेले. तांबूस नेचे, जांभळट झुडपं, आणि त्यांवरून ढगांच्या सावल्या पळत होत्या. मी कितीतरी वेळ बोलले नाही, आणि मी न बोलणं ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

एका वळणावर पोलिसांनी गाडी थांबवली. तरुण गार्ड होता, तिकडे पोलिसाला गार्डच म्हणतात, पावसात भिजलेला. अनिकेतने आपणहून सांगितलं की डिकीत रायफल आहे. गार्डने कागद पाहिले, पेटीचं कुलूप पाहिलं, रविवारी पाऊस उघडेल असं सांगितलं, "ग्रँड," म्हणाला आणि जाऊ दिलं. तिकडे हवेपासून ऑपरेशनपर्यंत सगळंच ग्रँड असतं. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्या कमरेला पिस्तूल नव्हतं.

"कुणाकडेच नसतं," अनिकेत म्हणाला. "साध्या गार्डकडे नाही."

रस्त्यात एकटा उभा राहून, हाताशी काही नसताना, दुसऱ्याच्या बंदुकीचे कागद शांतपणे तपासणारा तो पोरगा. मी मागे वळून काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

डोनलचं घर दगडी, बुटकं, दरवाजा लाल. तो चौऱ्याहत्तरचा, हातात काठी. त्याची बायको नोरा, गोरीपान, सारखी चहाचं विचारणारी. दोघांनी मला पहिल्या मिनिटाला सुलभा म्हणून हाक मारली. इकडे मला प्राचार्यसुद्धा मॅडम म्हणतात. आधी कानाला टोचलं, मग दुसऱ्या कपापर्यंत आवडायला लागलं. मी नेलेली चकली नोराने चहात बुडवून खाल्ली आणि हॅलोविनसाठी केलेला मनुकांचा गोड पाव कापून दिला. त्यात एक अंगठी लपवलेली असते, जिला मिळेल तिचं वर्षभरात लग्न. ती माझ्या दाढेखाली आली. अनिकेत इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग डोनल म्हणाला, "बघू तर, काय आणलंस."

अनिकेतने रायफल टेबलावर ठेवली. नोरा दोन पावलं मागे सरली.

"माझ्या आईने लहानपणी, यादवीच्या दिवसांत, या अंगणात बंदुका घेतलेली माणसं पाहिली होती," ती हळूच म्हणाली. "वाटेने कुणी फिरायला आलं आणि याच्या हातात हे पाहिलं, तर त्याला शिकारी दिसणार नाही."

डोनलने काहीच टोमणा मारला नाही. त्याची पद्धत निराळी होती. एकेका वस्तूवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे तुला डोंगरावर कधी लागलं?" लागल्याचा प्रसंग सांगता आला तर वस्तू राहणार. कुठे पाहिलं, कुठे वाचलं असं उत्तर आलं तर ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये जाणार. प्रेस म्हणजे त्यांच्याकडे कपाट. टॉर्च? हरणांवर दिवा मारणं तिथे कायद्यातच बसत नाही. प्रेसमध्ये. बुडबुड्याची लेव्हल? प्रेसमध्ये. काडतुसांचा पट्टा? चालताना खुळखुळला होता आणि हरीण पळालं होतं, असं अनिकेतने स्वतःच कबूल केलं. प्रेसमध्ये. गालाची गादी, रंगीत पट्टी, सगळं मीठमसाल्याच्या बरण्यांशेजारी जाऊन बसलं. काळ्या सांगाड्यावर बोट आलं तेव्हा अनिकेतने माझ्याकडे पाहिलं, डिकीतून लाकडी दस्ता आणला आणि तिथेच बसवायला घेतला.

मला उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, "तो सायलेन्सरही काढ. आम्ही आयुष्यभर आवाज ऐकला, काही बिघडलं नाही."

डोनलने माझ्याकडे डावा कान केला. "या बाजूने पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली. "उजवीकडून नुसते ओठ हललेले दिसतात. चाळीस वर्षं मीही आवाज ऐकला. तो राहू दे त्याच्यावर."

स्कोपही राहिला, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता.

झोपायच्या आधी डोनलने आणखी एक गोष्ट सांगितली. डोंगराच्या पलीकडे त्याची बहीण राहते. आधीच्या शिकाऱ्याची एक गोळी तिच्या गोठ्याचा पत्रा फोडून आत गेली होती. गाय वाचली, बहीण पाच मिनिटांपूर्वीच घरात गेली होती. त्या दिवसापासून त्याने कुणाला परवानगी दिली नव्हती. मी मनात म्हटलं, असाच कुणीतरी रुखवतवाला असणार, यंत्रांवर विसंबणारा.

शनिवार

दस्ता बदलला की नेम पुन्हा जुळवावा लागतो. डोनलने मातीच्या उंच बांधासमोर लाकडी फळीला कागदी बशी टाचली, शंभर पावलं मागे एक सपाट खडक दाखवला, आणि स्वतः बाजूला छत्री उघडून बसला.

अनिकेतच्या पहिल्या तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या. एक तर बशी सोडून. त्याने स्कोपची चाकं फिरवली. पुढच्या तीन आणखी पसरल्या. त्याचा चेहरा चौदा वर्षांचा झाला. मी मागे उभी होते, आणि मला ते जुनं वाक्य आठवलं. मी मुद्दाम चार पावलं बाजूला सरकले. मग दिसलं. गोळी सुटताना स्टँडचे दोन्ही पाय कडक खडकावर उडी मारत होते.

"स्टँड काढ," मी म्हटलं. "कोट दे माझा."

कोटाची घडी करून मी खडकावर ठेवली, तिच्यावर नळीखालचं लाकूड टेकवायला लावलं, आणि नेहमीचं सांगितलं, श्वास सोड, अर्ध्यावर थांब, बोट वेगळं, हात वेगळा. पुढच्या तीन गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. स्टँडही प्रेसमध्ये गेला. डोनल म्हणाला, "तुझी आई ग्रँड आहे." त्या दुपारी मी नोराच्या स्वयंपाकघरात तिच्या फ्रीजरमधल्या हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा केला आणि तिघांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी किती खुशीत होते ते सांगायला संकोच वाटतो. वर्षानुवर्षं दुरावलेलं पोर माझ्या शब्दावर नेम धरत होतं.

रविवार, डोंगरावर

ऑक्टोबरात तिकडे सूर्य आठनंतर उगवतो. आम्ही सातला निघालो. डोनल दगडी कुंपणापर्यंत आला, तिथे दुर्बीण घेऊन बसला. "मी इथून बघतो," म्हणाला. वर फक्त आम्ही दोघं.

गार्डचं खरं ठरलं, पाऊस थांबला होता. ओल्या नेच्यांमधून चढताना माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली, एकदा चिखलात बूट रुतून पाय तेवढा वर आला. अनिकेतने न हसता बूट उपसून दिला. वाऱ्याकडे तोंड करून तो चालत होता, दहा पावलं, मग थांबणं, मग दहा पावलं. याला हे कुणी शिकवलं, असा मला प्रश्न पडला. मी तर नक्कीच नाही.

मग तो आवाज आला. शिट्टीसारखा सुरू झाला, उंच, उंच चढत गेला, आणि शेवटी फाटून कण्हण्यात उतरला. दरीभर घुमला. माजावर आलेला सिका जातीचा नर असा ओरडतो, अनिकेतने कानात सांगितलं. लगेच पलीकडच्या उतारावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मध्ये धुकं, खाली न दिसणारा ओढा, आणि माणसाचा कुठेच मागमूस नाही. मी हात जोडले होते हे मला नंतर कळलं.

आणि तो आला. आमच्यापासून शंभर पावलांवर, डोंगराच्या माथ्यावर. मागून सूर्य वर येत होता. शिंगं, मान, तोंडातून निघणारी वाफ, सगळ्याला सोन्याची कड. तो आडवा उभा राहिला, मान वळवून. अख्ख्या आयुष्यात मी इतकं स्थिर, इतकं मोकळं टार्गेट पाहिलं नाही. अनिकेत दगडावर कोट ठेवून केव्हाच आडवा झाला होता. रायफल खांद्याला. मी त्याच्या मागे, गुडघ्यावर.

"घे," मी कुजबुजले.

त्याचं बोट ट्रिगरबाहेर सरळ होतं. तसंच राहिलं.

"अनिकेत, घे."

त्याने सेफ्टीचा खटका काढलाच नाही. हळूच रायफल खाली घेतली. नराने आमच्याकडे पाहिलं, आणि दोन उड्यांत माथ्यापलीकडे उतरून गेला.

मी संतापले. ओरडता येत नव्हतं, म्हणून जास्तच. "काय झालं? हात हलला?"

"नाही," तो म्हणाला. "आई, मागे आभाळ होतं त्याच्या."

"मग? आडवं काही नव्हतं मध्ये."

"मागेसुद्धा काही नव्हतं. चल, दाखवतो."

आम्ही माथ्यावर चढलो. पलीकडे डोंगर एकदम खाली उतरत होता आणि तिथे एक पांढरं घर होतं, पत्र्याचा गोठा, दोरीवर कपडे. एक बाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. घरासमोरच्या वाटेने लाल, निळ्या जॅकेटांतली पाच-सहा माणसं चर्चकडे निघाली होती, एकाच्या खांद्यावर लहान मूल. त्या रायफलीची गोळी हरणातून आरपार जाऊन, किंवा हरणाला चुकून, कुठे गेली असती ते मला कुणी समजावायची गरज नव्हती. ऊन त्या सगळ्यांवर एकदम पडलं आणि दरी उजळून निघाली. मी तिथेच गवतात बसले.

एकतीस वर्षं माझ्या टार्गेटमागे भिंत होती. जाड, मातीने भरलेली. मी श्वास शिकवला, पकड शिकवली, बोट शिकवलं. मागे काय आहे हे मी कधीच शिकवलं नाही, कारण मला ते कधी बघावंच लागलं नाही. ज्याला मी यंत्रांच्या नादी लागलेला म्हणून तीन दिवस हिणवत होते, त्याने ते बघितलं. आणि मी मागे बसून दोनदा सांगितलं तरी त्याचा हात हलला नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. मुलाला हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते. तो माझ्या शेजारी बसला आणि त्याने थर्मासमधला चहा ओतून दिला.

खाली डोनल कुंपणाला टेकून उभा होता. त्याने दुर्बिणीतून सगळं पाहिलं होतं. अनिकेत जवळ जाईपर्यंत थांबून त्याने विचारलं, "का नाही मारलास?"

"मागे आभाळ होतं."

डोनलने खिशातून घडी केलेला कागद काढला. परवानगी आधीच लिहून ठेवलेली होती, सही बाकी होती. ती त्याने कुंपणाच्या दगडावर ठेवून केली. मला राहवलं नाही. मी त्याच्या डाव्या कानाकडे जाऊन विचारलं, "तो आधीचा माणूस, गोठ्यात गोळी घालणारा, त्याने रायफलीवर काय काय लावलं होतं?"

"काहीच नाही," डोनल म्हणाला. "साधी लाकडी रायफल, माझ्यासारखीच. फार चांगला नेमबाज होता तो."

प्रेसमधल्या वस्तू आम्ही परत आणल्या नाहीत. नोराचा निरोप आला की टॉर्च कोंबड्यांच्या खुराड्यात छान चालतो, आणि लेव्हल लावून तिने बैठकीतले सगळे फोटो सरळ केले. जास्त झालेल्या वस्तू त्या घरी कामाला लागल्या. लोकांनी साध्या बंदुकीवर लढाईचं सामान चढवायचा अतिरेक केला आहे, हे माझं मत अजून तेच आहे. फक्त ते काढून टाकलं की माणूस शहाणा होतो, असं आता मला वाटत नाही.

कोल्हापूर

परतल्यावर पहिल्या सकाळी रेंजवर सहा मुली आल्या होत्या, रायफली काढून तयार. मी म्हटलं, ठेवा परत, कुलूप लावा आणि माझ्याबरोबर या. गेटमधून बाहेर, गटाराच्या कडेने, पुढच्या बोळातून वळसा घालून आम्ही टार्गेटमागच्या भिंतीच्या पलीकडे गेलो. या बाजूला मी एकतीस वर्षांत कधी आले नव्हते.

तिथे ऊन होतं. भिंतीला पाठ टेकून एक म्हातारी बाई वाती वळत बसली होती, शेजारी सुपात कापूस.

"या की, बसा," ती म्हणाली. "हितं सकाळचं ऊन लई ग्वाड लागतंय. रोज बसतो आम्ही." मग भिंतीवर हात ठेवून तिने विचारलं, "पलीकडं सारखं ठकठक वाजतंय, काय चालतंय ओ बाई तिकडं?"

मी तिच्या शेजारी भिंतीला पाठ टेकून बसले आणि मुलींना म्हटलं, "आज फायरिंग नाही. सगळ्या इथे ओळीने बसा."